'त्रिस्तरीय' म्हणून विकलेल्या भांड्यांच्या संचाबाबत आणि नाकारलेल्या आजीवन हमीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पातेल्याचे सुटलेले बूड, खोक्यावरील दिशाभूल करणारे वर्णन आणि हमीनुसार भांडी बदलून न दिल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा संच मी घरच्या रोजच्या स्वयंपाकासाठी विकत घेतला, तो खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या तीन दाव्यांवर विसंबून : भांडी त्रिस्तरीय (म्हणजे स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेली) आहेत, संपूर्णपणे 18/10 स्टीलची आहेत आणि त्यांना आजीवन हमी आहे. वर्षभराच्या आतच त्यातील मोठ्या पातेल्याचे बूड सुटू लागले. हमीनुसार ते बदलून मागितले असता, 'अतिउष्णतेमुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही' असे एका वाक्याचे उत्तर आपल्या विभागाकडून आले. त्यापूर्वी भांडे तपासणीसाठी मागवण्यात आले नाही, त्याची छायाचित्रेही कोणी मागितली नाहीत. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पातेल्याच्या बुडाखाली बसवलेल्या जाड चकतीच्या (आत ॲल्युमिनियम, बाहेरून चुंबक चिकटणारे स्टील) कडेला एका बाजूने फट पडली आहे. भांडे धुताना त्या फटीत पाणी शिरते आणि पुन्हा शेगडीवर ठेवले की ते चरचर आवाज करत वाफ होऊन बाहेर येते. शिवाय बूड मध्यभागी खालच्या बाजूस फुगल्यामुळे पातेले सपाट काचेच्या शेगडीवर टेकत नाही. नुसता हात लागला तरी फिरते. गरम पदार्थाने भरलेले भांडे असे फिरणे धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या 'अतिउष्णते'विषयी. रिकामे भांडे मोठ्या आचेवर दीर्घकाळ राहिले, तर त्याच्या खुणा लपत नाहीत. स्टीलवर आधी सोनेरी आणि मग जांभळट-निळसर छटा उमटतात, आणि ताप 660 अंश सेल्सियसपर्यंत गेला तर चकतीतले ॲल्युमिनियम वितळून कडेने ओघळू लागते. माझ्या पातेल्यावर यांपैकी एकही खूण नाही. मग भांडे न पाहता ते अति तापले होते, हे आपण कशावरून ठरवले? उलट, बूड सुटण्याचे अधिक संभवनीय कारण त्याच्या घडणीतच आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर बाहेरच्या चुंबकीय स्टीलच्या दुपटीहून थोडे अधिकच प्रसरण पावते, त्यामुळे भांडे तापताना आणि निवताना दर वेळी या दोन धातूंच्या जोडावर ताण येतो. हा ताण अनपेक्षित नाही. स्वयंपाक म्हणजे भांडे तापणे आणि निवणेच. तो सहन करील असा जोड देणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि साध्या वापरात जोड सुटला तर त्याला उत्पादनातील दोष म्हणावे लागते.

मात्र माझी मुख्य तक्रार या एका पातेल्यापुरती नाही. ज्या वर्णनावर विश्वास ठेवून मी हा संच निवडला, ते वर्णनच खरे नव्हते. स्टील टिकाऊ असते, पण उष्णता पसरवण्यात फार मंद असते. तांब्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला सुमारे 400 वॅट, ॲल्युमिनियमची 200 च्या पुढे आणि 18/10 प्रकारच्या स्टीलची जेमतेम 15 ते 16. म्हणूनच चांगल्या भांड्यात स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर घालतात. हा थर बुडापासून काठापर्यंत सलग असेल, तर भांड्याच्या बाजूही सारख्या तापतात. आपल्या संचात ॲल्युमिनियम आहे ते फक्त बुडाखालच्या चकतीत, आणि बाजू म्हणजे स्टीलचा एकेरी पातळ पत्रा आहे. त्यातही चकती बुडापेक्षा व्यासाने लहान असल्यामुळे गॅसची ज्योत तिच्या बाहेरून थेट त्या पातळ पत्र्याला लागते, आणि आतल्या बाजूला कोपऱ्यालगत करपल्याचे काळे कडे पडते. मंद आचेवर सतत ढवळूनही ते टळत नाही. खाली चकती लावलेली भांडी वाईटच असतात, असे माझे म्हणणे नाही. नुसते पाणी उकळायला ती पुरेशी आहेत, आणि स्वस्तही पडतात. पण त्यांना 'त्रिस्तरीय बुडाची' म्हणावे. खोक्यावर 'त्रिस्तरीय भांडी' असे छापून सलग थरांच्या भांड्यांच्या तोडीची किंमत घेणे ही सरळ दिशाभूल आहे.

'संपूर्णपणे 18/10' हा दावा तर भांडी इंडक्शन शेगडीवर चालतात या त्याच खोक्यावरील दुसऱ्या दाव्याशी जुळत नाही. या आकड्यांचा अर्थ सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 10 टक्के निकेल. अशा स्टीलला लोहचुंबक सहसा चिकटत नाही, आणि चुंबक न चिकटणारे बूड इंडक्शन शेगडीवर तापत नाही. आपली भांडी इंडक्शनवर व्यवस्थित तापतात आणि त्यांच्या बुडाला चुंबकही घट्ट चिकटतो. याचा अर्थ बाहेरचे स्टील वेगळ्या, जवळपास निकेलविरहित प्रकारचे आहे. त्यात गैर काही नाही. इंडक्शनसाठी ते तसेच असावे लागते. पण मग 'संपूर्णपणे' हा शब्द तिथे कसा आला? आणि ज्यावर भांड्याचे आयुष्य बऱ्याच अंशी ठरते, ती पत्र्याची आणि ॲल्युमिनियमच्या थराची जाडी मिलिमीटरमध्ये ना खोक्यावर आहे, ना माहितीपुस्तिकेत. दांड्यांच्या रिव्हेटांविषयी मात्र अर्धे पान खर्ची घातले आहे.

याच संचातील नॉनस्टिक तव्याचा लेपही मध्यभागी उडू लागला आहे. त्याबद्दल मी भरपाई मागत नाही, कारण कोणताही नॉनस्टिक लेप कालांतराने झिजतोच. पण म्हणूनच अशा तव्याला 'आजीवन' हमीच्या संचात बसवणे मला अप्रामाणिक वाटते. पुस्तिकेत 'मोठ्या आचेवर वापरू नये' एवढेच म्हटले आहे, तापमान दिलेले नाही. हा लेप सुमारे 260 अंश सेल्सियसपुढे खराब होऊ लागतो आणि 350 अंशांच्या वर त्यातून घातक वायू सुटतात, तर पातळ रिकामा तवा काही मिनिटांतच 260 अंश ओलांडू शकतो. हा आकडा ग्राहकाला सांगणे आपले कर्तव्य होते. त्याऐवजी 'पीएफओए-मुक्त' हे हिरव्या अक्षरांत मिरवले आहे. हे रसायन 2019 मध्येच घातक रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारान्वये बंद करावयाच्या पदार्थांच्या यादीत गेले. शिवाय ते लेप बनवण्याच्या प्रक्रियेत वापरले जात असे. त्याच्या नसण्यावरून लेप किती टिकेल, हे मुळीच कळत नाही.

हमीपत्राच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत दिलेले अपवाद मी पुन्हा काळजीपूर्वक वाचले. रंग बदलणे, बूड वाकणे, लेप निघणे, दांडा सैल होणे, डाग आणि खड्डे पडणे, तसेच 'उष्णतेमुळे होणारे कोणतेही परिणाम' हमीतून वगळले आहेत. छत्रीला हमी द्यावी आणि पावसात उघडल्यास ती लागू नाही असे लिहावे, तसा हा प्रकार आहे. एवढे सगळे वगळल्यावर स्वयंपाकाच्या भांड्यात हमीच्या कक्षेत येईल असा कोणता दोष उरतो, हे आपण लेखी कळवावे.

माझी मागणी अशी आहे. पातेले आपल्या खर्चाने तपासणीसाठी न्यावे, तपासणीचा लेखी अहवाल मला द्यावा, आणि काठापर्यंत सलग थर असलेले त्याच मापाचे पातेले बदली द्यावे. तसे भांडे आपण बनवत नसाल, तर संपूर्ण संच परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी, कारण माझ्या खरेदीचा आधारच ते वर्णन होते. वापरलेल्या दोन्ही प्रकारच्या स्टीलची प्रत आणि बुडाची व बाजूंची जाडीही उत्तरात नमूद करावी. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे रीतसर तक्रार दाखल करीन.

खरेदीची पावती, हमीपत्राची प्रत, आपल्या विभागाचे उत्तर आणि पातेल्याच्या बुडाची, कोपऱ्यांची व खोक्यावरील मजकुराची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मूळ खोके आणि भांडी माझ्याकडे आहेत त्या स्थितीत जपून ठेवली आहेत.

आपला विश्वासू,
एक ग्राहक