फोटो फिलाडेल्फियाचा, मजकूर विल्मिंग्टनचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन शहराच्या ‘ओल्ड स्वीड्स’ चर्चचे नाव दिसले तेव्हा मला फार आनंद झाला. मुलीकडे विल्मिंग्टनला मी दोनदा राहून आले आहे, त्या चर्चमध्ये उपासनेला बसले आहे. आपल्या पेपरात त्याच्यावर अर्धे पान येईल असे कधी वाटले नव्हते. आधी फोटो पाहिला, मग लेख वाचला, आणि आनंद गेला. रात्रभर तेच डोक्यात होते म्हणून सकाळी उठून हे पत्र लिहिते आहे.

तुम्ही छापलेली इमारत लाल विटांची आहे. ती फिलाडेल्फियाची ग्लोरिया देई. तिलाही ‘ओल्ड स्वीड्स’ म्हणतात, तीही स्वीडिश लोकांनीच बांधली आणि १७०० साली पूर्ण केली. विल्मिंग्टनचे चर्च दगडी आहे. अमेरिकेचा पहिला झेंडा जिने शिवला असे म्हणतात त्या बेट्सी रॉसचे दुसरे लग्न १७७७ मध्ये लागले तेही फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये, ते तुमच्या लेखकांनी उचलून विल्मिंग्टनला नेले आहे. एकदा त्या दगडी भिंतीला हात लावलेला माणूस ही गल्लत करणार नाही. लेखक तिथे गेले होते का, हे मी विचारत नाही. पण ‘प्रत्यक्ष भेटीतून’ असे वर छापले आहे, म्हणून वाईट वाटते.

फोटोचे एक वेळ सोडून देईन. सालाचे सोडता येत नाही. ‘१६३८ साली स्वीडनच्या वैभवशाली राजवटीत उभारलेले’ हे वाक्य मी तीनदा वाचले. १६३८ मध्ये ‘काल्मार निकेल’ आणि ‘फोगेल ग्रिप’ ही स्वीडनची दोन जहाजे वसाहत करायला तिथल्या नदीत आली आणि काठावर स्वीडनच्या राणी क्रिस्टिनाच्या नावाने गढी बांधली गेली, एवढे खरे. चर्चची कोनशिला बसली २८ मे १६९८ ला. अर्पणविधी झाला ४ जून १६९९ ला. तो त्रैक्य रविवार होता, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा सण, म्हणून चर्चचे नाव पवित्र त्रैक्य. मधल्या साठ वर्षांत काय झाले? १६५५ मध्ये डचांनी ती वसाहत घेतली, १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांकडून घेतली. म्हणजे कोनशिला बसली तेव्हा स्वीडनची सत्ता जाऊन त्रेचाळीस वर्षे झाली होती. ना गव्हर्नर, ना झेंडा, ना फौज. राजवटीने ते चर्च उभारलेच नाही. राजवट सोडून गेल्यावर मागे राहिलेल्या शेतकऱ्यांनी ते उभारले. हे साल चुकले की त्या चर्चचा सगळा अर्थच चुकतो.

त्या लोकांची स्थिती काय होती ते लेखात एका ओळीत तरी यायला हवे होते. जुने पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वारले होते किंवा थकले होते, नवा कोणी येत नव्हता. क्रेन हूक नावाच्या ठिकाणी ओंडक्यांचे चर्च होते, तिथे ते जमत. जमणाऱ्यांत फिन लोकही पुष्कळ होते, त्यांचा तर लेखात उल्लेखच नाही. अखेर १६९३ मध्ये त्यांनी स्वीडनला पत्र पाठवले. ते लिहिणारा चार्ल्स स्प्रिंगर हा स्वतः लंडनमधून पळवून नेलेला आणि व्हर्जिनियात पाच वर्षांच्या वेठीला विकला गेलेला माणूस. पत्रात त्यांनी जमीन मागितली नाही, संरक्षण मागितले नाही. दोन पाळक मागितले आणि पुस्तके मागितली: १२ बायबले, प्रवचनांचे ३ ग्रंथ, धर्मशिक्षणाच्या २०० प्रश्नोत्तरावल्या आणि मुलांसाठी मुळाक्षरांची २०० पुस्तके. मी अठ्ठावीस वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवले आहे. मुळाक्षरांची दोनशे पुस्तके, हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. राजा अकरावा चार्ल्स याने पाळक पाठवले, ते १६९७ मध्ये पोचले, तोवर राजा वारला होता. त्यांतल्या एरिक ब्योर्क यांनी हे दगडी चर्च बांधून घेतले. तुमच्या लेखात त्यांचे नाव ‘बजोर्क’ झाले आहे.

आता मला हा राग एवढा का आला, ते सांगते. हे सगळे आज आपल्याला तारखेनिशी सांगता येते, कारण ब्योर्क आणि त्यांच्यामागून आलेल्या पाळकांनी ते लिहून ठेवले आणि मंडळीने ते सांभाळले. चर्च कुठे बांधायचे यावरून झालेला वाद, खर्च, विवाह, बाप्तिस्मे, सगळे स्वीडिशमध्ये. १६९७ ते १७७३ पर्यंतच्या त्या दप्तराचे हॉरेस बर यांनी इंग्रजीत भाषांतर केले आणि १८९० मध्ये ते छापून निघाले. चर्चशेजारच्या हेन्ड्रिक्सन घरात तिथल्या एका वृद्ध सेविकेने ते पुस्तक माझ्या हातात दिले. पान उघडले तर नावेच नावे. बाई, तिचा नवरा, मूल, साक्षीदार. तीनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची नावे! मी तिथे बाकावर बसून रडले. मुलगी घाबरली. तिला कारण घरी आल्यावर सांगितले.

कारण असे. आम्ही नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले, तेव्हापासून आसपासच्या गावांत मंडळ्या झाल्या. १९०० च्या दुष्काळात माझे आजोबा आपल्या आईबरोबर अशाच एका मंडळीत आले. त्या दोघांच्या बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्या वहीत होती. मी दहा वर्षांची असताना वडिलांनी मला ती दाखवली होती. तपकिरी शाई, वळणदार बाळबोध अक्षर, आधीच्या गावाचे नाव, पणजीचे नाव, आणि त्याखाली आजोबांचे. घरात पणजीला सगळे ‘बया’ म्हणत. तिचे खरे नाव त्या एका ओळीत होते, आणखी कुठेही नाही. मी ते वाचले होते. मोठ्याने वाचले होते, वडिलांनी शाबासकी दिली होती. आणि आज ते मला आठवत नाही.

वडील गेल्यावर मी ती वही पाहायला गेले. मंडळीचे नाव मी लिहीत नाही, माणसे आपलीच आहेत. मला सांगण्यात आले की पावसाळ्यात कपाटात पाणी शिरले, वह्या भिजल्या, एकमेकींना चिकटल्या, वास येऊ लागला, म्हणून रंगकामाच्या वेळी बाकीच्या कागदांबरोबर त्या काढून टाकल्या. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते. भिंतींना नवा रंग किती छान दिसतो आहे, ते त्यांनी मला हौसेने दाखवले. मी काही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवे होते.

म्हणून, संपादक महोदय, नोंद हाताशी असताना कोणी ती न बघता ऐकीव लिहिले की मला सहन होत नाही. ज्यांची वहीच गेली त्यांचे चुकले तर समजू शकते. इथे वही आहे, छापलेली आहे, इंग्रजीत आहे.

लेखाचा शेवटही मला पटला नाही. ‘आजही स्वीडिश परंपरा जशीच्या तशी’ असे लिहिले आहे. तसे नाही. शेवटचे स्वीडिश पाळक गिरेलियस १७९१ मध्ये मायदेशी परतले आणि ते चर्च इंग्रजी परंपरेच्या एपिस्कोपल पंथाकडे गेले. तोवर नातवंडांची भाषा इंग्रजी झाली होती, स्वीडिश प्रवचन समजणारे कमी राहिले होते. घंटेचा मनोरा १८०२ चा, म्हणजे त्याच्याही नंतरचा. पण काळ्या अक्रोडाच्या लाकडाचे ते जुने व्यासपीठ अजून जागेवर आहे, भिंती त्याच आहेत, आणि रविवारी आत माणसे बसतात. एवढे काय थोडे आहे? त्याला ‘जशीच्या तशी’ची भर कशाला हवी?

जाता जाता आणखी एक, कारण ते पुष्कळ दिवस मनात आहे. लेखात ब्योर्क यांना ‘फादर’ म्हटले आहे आणि चर्चमध्ये ‘पूजा’ होते असे लिहिले आहे. ते कॅथलिक नव्हते, लुथरन या प्रोटेस्टंट पंथाचे होते, बायकामुले असलेले गृहस्थ. त्यांच्यासाठी मराठीत ‘पाळक’ हा शब्द आहे, ‘उपासना’ हा शब्द आहे, ‘मंडळी’ आहे, ‘अर्पणविधी’ आहे. आम्ही मराठी ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या हे शब्द वापरतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच नगरमध्ये राहून मराठीत लिहीत होते. दरवर्षी नाताळच्या पुरवणीत तुम्ही आमच्याकडून केकची कृती मागता, ती आम्ही आनंदाने देतो. आमचे शब्दही एकदा मागून पाहा, तेही देऊ.

पुढच्या रविवारी विल्मिंग्टनच्या चर्चचा खरा फोटो छापावा. माझ्या मुलीने काढलेले तीन सोबत पाठवले आहेत, पैसे नकोत, नावही नको. खाली १६९८ आणि १६९९ ही साले द्यावीत, आणि ब्योर्क यांचे नाव नीट लिहावे.

आणि जागा उरली तर एवढे छापावे: नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतील १९०० च्या सुमारासच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी कोणी पूर्वी उतरवून घेतल्या असतील, वंशावळीसाठी, अभ्यासासाठी, कशासाठीही, तर त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावे. दुष्काळाच्या सालात एक विधवा आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा, अशी एकाखाली एक दोन नावे असतील. मला वरचे हवे आहे.

आपली एक जुनी वाचक,
नगर