तालुक्यांची यादी एकाच जागी ठेवा

संपादक महोदय,

सक्करदऱ्यात माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. उमरेड रस्ता जवळ असल्याने कुही, भिवापूर, उमरेडकडची मुलं आईवडिलांना घेऊन माझ्याकडे येतात. प्रवेशाच्या आणि दाखल्यांच्या दिवसांत त्यांना जो त्रास होतो, त्यातला बराचसा एका छोट्या चौकटीतून निघतो: जिल्हा-तालुका निवडायचा ड्रॉपडाउन, म्हणजे दाबल्यावर उघडणारी नावांची यादी.

एका संकेतस्थळावर तालुक्यांची नावं मराठीत दिसतात, पण क्रम इंग्रजी स्पेलिंगचा. सुरुवातीला भिवापूर, मग हिंगणा, कळमेश्वर आणि तळाशी उमरेड. मराठी क्रमाने उमरेड सर्वांत वर हवं. माणूस तिथेच शोधतो आणि म्हणतो, "ताई, उमरेड तर दिसूनच नाही राह्यलं इथं!"

त्याहून वाईट म्हणजे पहिलं नाव आधीच निवडलेलं असतं. घाईत ज्याने चौकटीला हात लावला नाही, त्याचा तालुका आपोआप भिवापूर. उमरेडच्या एका मुलीचा अर्ज असाच भलत्या तहसीलकडे गेला. दुरुस्तीसाठी तिच्या वडिलांची मजुरी बुडाली. आधी चुकून भंडारा जिल्हा निवडला आणि नंतर नागपूर केला, तर साकोली, तुमसर यादीत तसेच राहतात आणि त्यांच्याखाली आपले तालुके येतात. मोबाइल क्रमांकाचा एक आकडा चुकला की पान परत येतं, तेव्हा निवडलेलं सगळं पुसलेलं असतं.

मी बीसीए केलं आहे, पीएचपी या संगणकाच्या भाषेत संकेतस्थळांचे फॉर्म बनवले आहेत. हे काम अवघड नाही, म्हणूनच राग येतो. प्रत्येक पानावर नावं हाताने टाइप करायची गरजच नाही. डेटाबेसच्या, म्हणजे माहितीच्या साठ्याच्या, एका तक्त्यात तालुक्याचा कोड (न बदलणारा ओळख क्रमांक) आणि नाव ठेवायचं. एक फंक्शन, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहायचं, त्याला ती यादी आणि आधी निवडलेला कोड द्यायचा. ते फॉरईच लूपने, म्हणजे यादी संपेपर्यंत तेच काम करणाऱ्या आज्ञेने, एकेक नाव घेऊन ऑप्शन म्हणजे निवडायची ओळ तयार करतं: यंत्राकडे जाणाऱ्या व्हॅल्यूमध्ये कोड, डोळ्यांना दिसायला नाव. कोड जुळला तर त्यावर 'सिलेक्टेड' (निवडलेलं) ही खूण लावतं, म्हणजे पान परत आलं तरी निवड टिकते. सर्वांत वर 'तालुका निवडा' ही रिकाम्या व्हॅल्यूची ओळ आणि ती बदलल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ द्यायचा नाही. जिल्हा बदलला की ब्राउझरमध्ये जुनी यादी आधी रिकामी करायची, मगच नवी भरायची. आलेला कोड त्या जिल्ह्याच्या यादीतला आहे ना, हे सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळाच्या मुख्य संगणकावरही तपासायचं, कारण ब्राउझरमधून येणारी माहिती कुणालाही बदलता येते. मूळ फंक्शन जेमतेम दहा-बारा ओळींचं होतं आणि तेच सगळ्या फॉर्मना चालतं.

कोडचा आग्रह मी उगाच धरत नाही. कुठे मौदा लिहितात, कुठे मौदे. कामठीची इंग्रजी स्पेलिंगं तर पानागणिक वेगळी. नाव हीच ओळख धरली की दोन अर्जांतला एकच तालुका यंत्राला दोन वाटतो. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. कोड जपला असेल तर तक्त्यातली एक ओळ बदलून भागतं आणि जुने अर्जही तुटत नाहीत. हाताने टाइप केलेल्या पानांवर मात्र एकीकडे जुनं नाव, दुसरीकडे नवं. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्हे, तालुके, गावं यांना कोड दिलेलेच आहेत. ते वापरावेत. एकाच नावाची गावं आपल्याकडे थोडी नाहीत.

संकेतस्थळाचं काम देताना कंत्राटात या गोष्टी लिहून घ्याव्यात. फॉर्म खुला करण्याआधी तो आमच्यासारख्या रोज अर्ज भरणाऱ्यांकडून एकदा भरून घ्यावा, आम्ही त्याचे पैसे मागणार नाही. आणि प्रवेशाची पुढची फेरी सुरू होण्याआधी निदान यादीची पहिली ओळ तरी रिकामी करावी. बाकीचं त्यानंतर केलं तरी चालेल.

— एक वाचक, सक्करदरा, नागपूर