हिरवी नदी आणि ताकातला पाव

शिकागो,
रविवार

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी पाठवलेल्या फोटोतली हिरवी नदी खरी की मोबाइलची करामत, असं तुम्ही विचारलंत. खरी. काल पुलावर कुडकुडत उभं राहून पाहिली.

सेंट पॅट्रिक हा आयरिश लोकांचा संत, त्याचा दिवस १७ मार्च. इथली मोठी मिरवणूक मात्र शनिवारी काढतात. १७ तारीख दुसऱ्या वारी आली तर आधीच्या शनिवारी. त्याच सकाळी नदी रंगवतात, आणि रंगवतं कोण, तर प्लंबरांची युनियन! तुमची उभी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून सविस्तर लिहिते. सांडपाणी कुठून नदीत मिसळतंय हे शोधायला ही मंडळी पाण्यात रंग सोडायची. त्यावरून १९६२ साली नदीच रंगवायचं डोक्यात आलं. पहिल्या वर्षी ४५ किलो रंग पडला आणि पाणी आठवडाभर हिरवं राहिलं. पुढे ओरड झाली, तेव्हापासून वनस्पतींपासून केलेला रंग घेतात, तोही निम्म्याहून कमी. कृती गुप्त! पूड असते केशरी. होडीतली माणसं ती चक्क पिठाच्या चाळणीने भुरभुरवतात, दुसरी होडी पाणी घुसळते आणि बघता बघता हिरवं. चाळणीवाले मात्र रंगपंचमी खेळून आल्यासारखे नखशिखांत केशरी.

या नदीला जोडणारा कालवा १८३६ ते १८४८ मध्ये खणला गेला. खणणारे बरेचसे आयरिश मजूर. काम चालू असतानाच, १८४५ पासून, तिकडे आयर्लंडात बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला. दहा लाखांवर माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. त्या आयरिशांचे पणतू-खापरपणतू आता हिरव्या टोप्या घालून नदीकाठावर नाचतात. हिरवी बिअर पिऊन सकाळी अकरालाच झिंगलेली पोरं मला बघवत नाहीत. खुद्द आयर्लंडात तर कित्येक वर्षं या दिवशी दारूचे गुत्ते कायद्याने बंद असत.

संध्याकाळी शेजारच्या आजींनी जेवायला बोलावलं. त्यांची आजी आयर्लंडातून आलेली. बेत ठरलेला: खारवलेलं गोमांस, कोबी, बटाटे. या दिवशी हे मांस खायची रीतही मूळची तिकडची नव्हे हो. तिकडे डुकराचं खात. इथे आलेल्या गरिबांना ज्यू खाटकांकडे हे स्वस्त मिळायचं, तेच रूढ झालं. माझ्यासाठी त्यांनी कोबी-बटाटे वेगळ्या भांड्यात शिजवले. या दिवसांत ख्रिस्ती लोकांचे ईस्टरआधीचे, लेंटचे उपास चालू असतात, त्यात शुक्रवारी मांस वर्ज्य. २०२३ मध्ये १७ मार्च नेमका शुक्रवारी आला, तेव्हा बऱ्याच बिशपांनी त्या दिवसापुरती सूट दिली. आईला सांगा, ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ इथेही चालतं!

आजींच्या जेवणातला पाव मात्र आपल्याला करण्यासारखा. यीस्ट नाही, मैदा, मीठ, खायचा सोडा आणि ताक. फार मळायचं नाही, नाहीतर चिवट होतो. वर सुरीने खोल फुली मारायची, म्हणजे मधला भाग नीट भाजला जातो. आजी बेदाणेही घालतात. आईच्या केकच्या भांड्यात होईल. ताक आंबटच घ्यायला सांगा, गोड ताकाने तो फुगणार नाही.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. दादा पुढच्या महिन्यात येतोय, त्याच्याबरोबर काय हवं तेही लिहा.

तुमची,
सुमा