पिलं व्हायच्या आत या

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एवढंसं कुत्रं, त्यात कसला आलाय शौक?" फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. माझी पूडल कुत्री, जुई, गाभण आहे. तिचं हे पहिलं वेत. ते व्हायच्या आत तुम्ही दोघांनी इकडं यावं, यासाठी हे पत्र.

तुम्ही फोटोत बघितलेलं काळंभोर पिल्लू हीच. चंदेरी पूडल जन्मतात काळीच, मग वर्ष-दोन वर्षांत रंग उजळत जातो. आता ती राखाडी चांदीसारखी दिसते. एवढंसं कुत्रं हे मात्र खरं. 28 सेंटिमीटरच्या वर उंची गेली की कुत्र्यांच्या शोमध्ये तिला टॉय, म्हणजे पूडलमधली सगळ्यांत लहान, म्हणून धरत नाहीत. पण बाबा, ही जात मुळात पाण्यात उडी मारून शिकारीतली बदकं काढून आणणाऱ्या कुत्र्यांची. शोमध्ये मागचं अंग भादरून छातीवर आणि पायांच्या सांध्यांवर केसांचे गोंडे ठेवतात, ते बघून तुम्ही हसला होता. त्याचं मूळ त्या पाण्यात आहे. पोहताना केस जड होऊ नयेत म्हणून मागचे काढायचे, आणि गारठ्यात छाती-सांधे उबदार राहावेत म्हणून तेवढे ठेवायचे.

दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही म्हशी नटवून कशा काढायचात आठवतंय ना? अंगावरचे केस कातरून नक्षी, शिंगांना रंग, मोरपिसं, कवड्यांच्या माळा. बघणारे नटवणं बघायचे, तुम्ही मात्र चाल बघायचात, पाठ बघायचात, कास बघायचात. शोचा जज अगदी तेच करतो. कुत्री टेबलावर उभी करायची, मग तो केसांत हात घालून पाठ सरळ आहे का, फासळ्या कशा आहेत, ते चाचपतो. ओठ उचलून दात बघतो, वरचे दात खालच्यांच्या जरा पुढं, लागून बसले पाहिजेत. मग रिंगणात चालवायला लावतो. जुई मान वर करून, पाय उचलून अशी चालते की माझ्या हातातला पट्टा सैलच राहतो. तो क्षण मला फार आवडतो, बक्षीस मिळो न मिळो.

त्याच्या आधीची मेहनत मात्र खरी. हिचे केस फारसे झडत नाहीत, वाढतच राहतात. (आई, तू विचारलं होतंस ना, जेवणात केस येतात का? नाही येत.) पण न झडलेला केस तिथंच गुंततो. रोज रात्री तिला मांडीवर आडवी करून एकेक भांग पाडत मुळापासून ब्रश, मग स्टीलचा कंगवा. कंगवा अडला की तिथं गुंता आहे, तो बोटांनी सोडवायचा. कानामागं आणि काखेत जास्त होतो. आपल्या पावसात तर रंकाळ्यावरून आलं की लगेच ड्रायरनं ओढून ओढून सुकवायचं, ओले केस आपोआप वाळले की त्यांची नमद्यासारखी गाठ होते.

आता वेताचं सांगते. नर निवडायला मी फार वेळ घेतला. या जातीत गुडघ्याची वाटी सरकायची खोड असते, म्हणून दोघांचे गुडघे डॉक्टरांकडून तपासून घेतले. दुसरा एक आजार डोळ्यांचा, हळूहळू आंधळेपण आणणारा. आई आणि बाप दोघांकडून तो दोष आला तरच पिल्लू आजारी पडतं. दोष एकाकडूनच आला असेल तर कुत्रं ठणठणीत असतं, आणि डीएनए चाचणीशिवाय काही कळत नाही. जुई तशी आहे. म्हणून नर पूर्ण निर्दोष हवाच होता. एक फार देखणा नर सोडून दिला, मालक रिपोर्ट दाखवायला तयार नव्हते. 2017 च्या सरकारी नियमांत मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय भरवायची नाही असं आहे, मी त्याहून जास्त थांबले. आणि "टीकप", म्हणजे कपात मावेल एवढं पूडल, मागायला येणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. अशी वेगळी जातच नाही. अशक्त, बारकी जनावरं निवडून त्यांची वेतं काढणं हा मुक्या जिवावर अन्याय आहे.

साधारण 63 दिवस भरतात. शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढून पिलं किती ते बघायचं. बहुतेक दोन-तीन असतील. अंगाचं तापमान 37 अंशांच्या खाली उतरलं की एका दिवसात व्यायला होते. जन्मलेलं पिल्लू तळहातावर मावतं, स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही त्याला, आणि थोडा वेळ उपाशी राहिलं तरी साखर उतरते. म्हणून गुजरीतून सोनाराच्या काट्यासारखा ग्रॅमचा काटा आणलाय, रोज वजन करायचं. पण आई, रात्री गोठ्यात नुसता श्वास ऐकून तू सांगायचीस, आता तासाभरात. चीक प्यायलं का, जार पडली का, हे तुला विचारावं लागायचं नाही. तशी माणसं मला त्या रात्री जवळ हवीत.

सासूबाई पण वाट बघताहेत. त्यांची पूजेची घंटा वाजली की जुई देवघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन बसते, आत पाय टाकत नाही. कुणी शिकवलं नाही तिला. आता त्याच तिला "आमची बाई" म्हणतात.

दादाला महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढायला सांगा, कल्याणला रात्री बसलात की सकाळी कोल्हापूर. खालचे बर्थ बघा. परतीचं मात्र आताच काढू नका, पिलांचे डोळे उघडायलाच दोन आठवडे लागतात.

तुमची लेक