महालक्ष्मीच्या मैदानाचा इतिहासही जपावा

महोदय,

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर होणाऱ्या उद्यानाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेला आणि ९१ एकर शर्यतींसाठी, असा निर्णय २०२४ मध्ये झाला आणि तेव्हापासून बोलले जाते ते एकरांविषयी व भाडेपट्ट्याविषयी. त्या मैदानाच्या इतिहासाचे काय करायचे, हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

पूर्वी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला होत. हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने समुद्र अडवल्यावर जो सखल भाग मागे उरला, त्यात १८८३ साली महालक्ष्मीचे मैदान उभे राहिले. देशातील घोडेवाल्यांच्या दृष्टीने त्याचे मोठेपण तेथे होणाऱ्या इंडियन डर्बी या शर्यतीमुळे आहे. इंग्लंडमधील एप्समची मूळ डर्बी १७८० मध्ये सुरू झाली तेव्हा एक मैलाची होती आणि १७८४ पासून दीड मैलाची झाली. तेच अंतर आज २४०० मीटर म्हणून आपल्याकडे धावले जाते. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली. ही शर्यत चार वर्षांच्या घोड्यांचीच असल्यामुळे प्रत्येकाला ती एकदाच मिळते. १९७७ चा विजेता 'स्क्वाँडरर' तर एकूण १९ शर्यतींत १८ वेळा पहिला आला. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून ही डर्बी आठ वेळा जिंकली.

ही नावे नोंदींत आहेत. माझ्या वडिलांचे नाव कुठेही नाही. ते तरुणपणी तेथील एका तबेल्यात घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते. पहाटे उठून खरारा करायचा, सराव करून घोडा परतला की त्याच्या छातीवर तळहात ठेवून अंगातली ऊब पाहायची आणि तो पुरता निवेपर्यंत त्याला हाताने धरून फिरवत राहायचे, असे त्यांचे दिवस गेले. गावी परतताना त्यांनी शर्यतीच्या घोड्याचा झिजलेला ॲल्युमिनियमचा एक नाल आणला. तो इतका हलका आहे की हातावर ठेवला तरी वजन जाणवत नाही, आणि पुढच्या कडेला तर तो कागदासारखा पातळ झाला आहे. शर्यतीवरील पैजांचे समर्थन मी करत नाही, वडीलही करत नसत. परंतु जनावर सांभाळण्याची ही विद्या पैजेहून वेगळी आहे आणि ती जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

आम्हा कोल्हापूरकरांना याची धास्ती वाटण्याचे कारण आहे. आमच्या शहरात रेसकोर्स नाका आहे. बसचा वाहक रोज ते नाव पुकारतो, रिक्षावाले ते सांगतात, पण घोडे नेमके कुठून कुठे धावत असत हे तेथे उभ्या असलेल्या दहा जणांना विचारले तर दहाही जण मान हलवतात. मैदान गेले, नाव उरले, आणि नावामागची माहिती सांगणारा साधा फलकही तेथे नाही.

महालक्ष्मीला असे होऊ नये, यासाठी महापालिकेने व शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबने उद्यानात एक कायमचे दालन ठेवावे. तेथे १९४३ पासूनच्या सर्व डर्बी विजेत्यांची यादी असावी, जुनी छायाचित्रे असावीत, आणि जे वृद्ध मोतद्दार, नालबंद व जॉकी आज हयात आहेत त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. हे शेवटचे काम उद्यान पूर्ण होण्याची वाट न पाहता आताच हाती घ्यावे. असे दालन होणार असेल तर वडिलांनी जपलेला नाल मी स्वतः मुंबईला नेऊन देईन.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर