आबांच्या पडण्यावरून

सोनू,

आबा बरे आहेत. प्लास्टर अजून आहे पण तक्रारी सुरू झाल्यात, म्हणजे बरेच आहेत असं समज. काल तू फोन असा आपटलास त्यावर मी आत्ता काही बोलणार नाही, सोमवारी टॉर्ट्सचा, म्हणजे त्या नुकसानभरपाईच्या कायद्याचा, पेपर आहे तुझा. फक्त दादाला एकदा फोन कर.

दादावर ड्यूटी ऑफ केअर, म्हणजे काळजी घ्यायची जबाबदारी होती, ती पाळली नाही, त्यामुळेच आबा पडले, हाड मोडलं, झाला की निग्लिजन्स, कायद्यातला निष्काळजीपणा! एका दमात चारही मुद्दे म्हणालीस, आणि खरं सांगते, आधी मला कौतुकच वाटलं, किती पक्कं झालंय पोरीचं. मग दादाचा चेहरा बघितला. तो ओली फरशी पुसायला फडकं आणायलाच आत गेला होता गं, तेवढ्यात आबा उठले.

सुट्टीत तूच ती क्रिकेटची केस सांगितलीस ना? मैदानाबाहेर रस्त्यावर बाईला बॉल लागला, पण तीसेक वर्षांत जेमतेम सहा वेळा बॉल बाहेर गेलेला, म्हणून १९५१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने क्लबला सोडलं. बाबा "बिचारी बाई" म्हणाले तर तू त्यांना केवढं समजावलंस, की धोका नुसता असून चालत नाही, समंजस माणूस त्यासाठी काही करेल इतका तो हवा. तू म्हणशील ओली फरशी वेगळी, तिथे कोणी पडेल हे कुणालाही कळतं. असेलही. पण मग आबांनी काठी कोपऱ्यात ठेवली होती त्याचं काय? त्यांना तुझं कॉन्ट्रिब्यूटरी निग्लिजन्स, म्हणजे पडणाऱ्याचीही थोडी चूक, ते सांगितलं तर म्हणाले, अर्धी भरपाई माझ्याकडूनच कापा.

दादा काल जेवलाच नाही नीट. लहानपणी त्याने तुला सायकलवरून पाडलं होतं, गुडघ्यात खडी रुतलेली, मी चिमट्याने एकेक खडा काढतेय आणि तू रडत रडत "मीच पडले, मीच पडले", त्याला ओरडा बसू नये म्हणून. पाचेक वर्षांची असशील. तीच मुलगी आता त्याला कलमं ऐकवते. कलमं नसतात म्हणा टॉर्टमध्ये फारशी, सगळं जुन्या निकालांवरच चालतं, हेही तूच सांगितलंस. बघ, झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी.

पेपरात गोगलगायीची केस, बाटलीतल्या पेयात गोगलगाय निघाली म्हणून बाईने दावा लावला ती, सुटसुटीत लिही. बाटली त्या बाईने स्वतः घेतली नव्हती, म्हणजे करार नाही, तरी १९३२ मध्ये लॉर्ड अ‍ॅटकिननी कायद्याने शेजारी कोण, म्हणजे आपल्या वागण्याची झळ ज्याला बसू शकते तो, हे सांगून उत्पादकावर जबाबदारी टाकली. आणि बाटलीत गोगलगाय खरंच होती का हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही, नंतर तडजोड झाली, हे विसरू नकोस, तुला आवडलं होतं ते. तडजोडीवरून मी काही सुचवत नाहीये हं.

रात्री जागू नकोस, तुझं डोकं दुखतं मग. पेपरच्या आधी नको वाटलं तर पेपर झाल्यावर कर, पण दादाला फोन कर. तो आपणहून करणार नाही, माहितीये ना तुला, बाबांवर गेलाय. त्याचा नंबर बदललाय, नवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते.

आई