मन्या, ती चिमुकली बाटली घेऊ नकोस

स्वराज द्वीप (हॅवलॉक), अंदमान
फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

प्रिय मन्या,

तुझा निरोप मिळाला, आणि डायव्हिंग करताना पाठीवरची टाकी दगा देईल तेव्हासाठी तू घेतोयस त्या हवेच्या बाटलीचा फोटोही. पैसे भरले नसशील तर थांब. फोनला इथे रेंज टिकत नाही आणि हे घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

त्या बाटलीत ८५ लिटर हवा मावते. किनाऱ्यावर बसून वाचलं की पुष्कळ वाटते. पण जॉनीज गॉर्ज या इथल्या डायव्हिंगच्या जागी आपण ३० मीटर खोलीपर्यंत जाणार, तिथे दाब वरच्या चौपट. एरवी तू मिनिटाला १५-२० लिटर ओढत असशील. घाबरलेला माणूस ४० सहज ओढतो. चाळीस चोक एकशे साठ. अर्ध्या मिनिटात बाटली रिकामी, आणि तू अजून खालीच.

गेल्या मार्चमध्ये तिथेच, २६ मीटरवर, माझ्या टाकीच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, फुटली. कानामागे कुकरची शिट्टी अडकून बसावी तसा आवाज, डोळ्यांपुढे सगळे बुडबुडे आणि टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघता बघता खाली. माझा जोडीदार दहा-बारा मीटर पुढे, प्रवाहात, पाठमोरा फोटो काढत होता. पोहत त्याला गाठलं, त्याचा पिवळा ऑक्टो, म्हणजे जादा माउथपीस, तोंडात घेतला, दंड धरून दोघं वर आलो. तेवढ्या अंतरात मला आपली विहीर आठवली. पाठीचा भोपळा सुटला आणि आबांनी वरून उडी टाकली, तो दिवस. तेव्हापासून माझ्या डाव्या कुशीत पोनी, म्हणजे वेगळी छोटी टाकी, असते.

तूही पोनीच घे, तीन लिटरची. २०० बार दाबाला भरली की ६०० लिटर हवा. हिशेब असा: ३० मीटरवर गोंधळ निस्तरायला एक मिनिट, १६० लिटर. मग श्वास सावरून मिनिटाला २५ लिटर धर. मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने पाच मीटरपर्यंत वर यायला सुमारे २००. तिथे सुरक्षेसाठी तीन मिनिटं थांबायला ११५ आणि शेवटच्या टप्प्याला ३०. झाले पाचशेच्या आसपास. दोन लिटरचीत हे बसत नाही. तू अठरा मीटरच्या खाली कधीच जाणार नसतास तर ती चालली असती.

तिला श्वास घ्यायचा स्वतःचा वेगळा रेग्युलेटर हवा, पहिल्या टप्प्यासकट (टाकीच्या व्हॉल्व्हवर बसतो तो भाग), आणि स्वतःचं छोटं गेज. मुख्य टाकीवरचा ऑक्टो हा जोडीदारासाठी. तुझीच टाकी संपली तर तो तुझ्या काय कामाचा? काही जण पोनी पाठीवर मोठ्या टाकीला पट्ट्याने बांधतात. मला ते पटत नाही, कारण पाठीवरचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही. मी डावीकडे लटकवतो: एक हूक छातीच्या रिंगला, दुसरा कमरेच्या. नळी बाटलीवरच्या रबरी पट्ट्यांत खोचलेली. व्हॉल्व्ह उघडून नळी हवेने भरतो आणि पुन्हा बंद करतो, म्हणजे चुकून माउथपीसवरचं हवा सोडायचं बटण दाबलं गेलं तरी बाटली रिकामी होत नाही. काही चांगले डायव्हर तो उघडाच ठेवतात. तू बंद ठेवणार असलास, तर डाव्या हाताने न बघता उघडता आला पाहिजे.

आता माझी चूक ऐक. सुरुवातीला दोन्ही माउथपीस सारखेच काळे होते. लाटांत घाईने उडी मारली. चौदा मीटरवर आठ-नऊ मिनिटांनी गेज पाहिलं, तर काटा भरल्या टाकीवर, जागचा हललाच नव्हता. क्षणभर बरं वाटलं, मग पोटात गोळा आला. मी पोनीच ओढत होतो. ती नव्वद बारच्या खाली आलेली. त्याच संध्याकाळी पोनीला पिवळी नळी आणि वेगळ्या आकाराचा माउथपीस लावला. तोंडात घेतला की जिभेलाच कळतं. उडी मारण्याआधी तिच्यातून दोन श्वास घ्यायचे आणि नजर तिच्या गेजवर ठेवायची. श्वासागणिक काटा खाली झुकला तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही.

खरं तर ओ-रिंग क्वचितच फुटते. डॅन या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये ९४७ डायव्हरांच्या मृत्यूंचा अभ्यास मांडला. ज्यांत संकट कशामुळे सुरू झालं ते सापडलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत कारण हवा कमी पडणं होतं. म्हणून मुख्य टाकीतली हवाच पुरवायची, पोनीतली हिशेबात कधी धरायची नाही. मुख्य टाकीत पन्नास बार असताना तू बोटीवर असायला हवास. आणि जवळ पोनी आहे म्हणून माझ्यापासून लांब गेलास तर मला खरंच वाईट वाटेल. विहिरीपासून आपण बरोबर पोहतोय रे.

बाटली पुण्यात विकत घेतलीस तर भरून आणू नकोस, भरलेली टाकी विमानात नेता येत नाही. इथे मी भरून देतो. तिच्यावर ठोकलेली चाचणीची तारीख मात्र घेतानाच बघ.

आल्या दिवशी गॉर्जला जायचं नाही. आधी पाच मीटरवर वाळूत गुडघे टेकू. तू डोळे मीट, मी तुझा दंड धरतो. हूक चाचप, व्हॉल्व्ह उघड, नळी ओढ, श्वास घे. दहा वेळा झालं की मग बोट काढू.

काकूंना नमस्कार सांग. आणि येताना आगळाची एक बाटली आण, इथलं कोकम संपलंय.

तुझाच,
दिग्या